रेघ, तूट आणि हिशेब : वि. म. दांडेकरांचं दारिद्र्यावरचं संशोधन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ ठेवून पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

आजचा विषय पत्रिकेत ‘एका अर्थशास्त्रज्ञाची संशोधनयात्रा’ असा छापलाय. यात्रा वगैरे शब्द मला जरा जड वाटतो, आणि ज्यांच्याविषयी बोलायचंय त्यांनाही तो आवडला नसता. प्रा. विनायक महादेव दांडेकर हे आकड्यांचे माणूस. त्यांच्याविषयी बोलायचं तर हिशेबानंच बोलावं लागतं.

सुरुवात मात्र एका प्रसंगाने करतो. मी विद्यार्थी असताना एका पाहणीसाठी माण तालुक्यातल्या एका गावात प्रश्नावल्या भरायला गेलो होतो. प्रश्न ठरलेला असायचा : गेल्या तीस दिवसांत घरात ज्वारी किती लागली, बाजरी किती, डाळ, तेल, गूळ, चहा किती. एका घरात पन्नाशीच्या बाई होत्या. मी विचारलं, “मावशी, महिन्याला ज्वारी किती लागते?” त्या म्हणाल्या, “आमच्यात कसलं माप आलंय? पोतं आणलं की सरंस्तवर खायाचं. सरलं की उसनं.” मग बोटांवर मोजून त्यांनी आकडा सांगितला. मी तो घरातल्या सात माणसांनी भागला आणि माणशी सरासरी लिहिली. निघताना त्या म्हणाल्या, “सातात मला धरलंस व्हय? मी समद्यांचं झाल्यावर बसते. उरलं तर.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आज आपण ज्याला दारिद्र्यरेषा म्हणतो, ती अशा लाखो प्रश्नावल्यांतून निघते. ती किती खरी, तिच्यात काय सापडतं आणि काय निसटतं, हे समजून घ्यायचं असेल तर दांडेकरांच्या कामाकडे जावं लागतं.

पुण्यातली एक संस्था

दांडेकर मूळचे साताऱ्याचे, जन्म १९२० चा. कलकत्त्याला संख्याशास्त्राचं शिक्षण झालं. तो प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा काळ. नमुना पाहणी, म्हणजे सगळ्यांना न विचारता थोड्यांना विचारून सगळ्यांविषयी सांगण्याचं शास्त्र, तिथे घडत होतं. १९४५ मध्ये ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून ही संस्था १९३० मध्ये उभी राहिली होती आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक होते. गाडगीळांची शिस्त अशी, की मत मांडायचं तर आधी गावात जाऊन या. १९६६ मध्ये गाडगीळांनंतर दांडेकर संचालक झाले आणि १९८० पर्यंत त्या जागी होते.

पहिल्या दहा-बारा वर्षांत त्यांनी काय केलं ते पाहा. पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी त्यांनी कुमुदिनी दांडेकरांबरोबर केली. कुमुदिनीताई त्यांच्या पत्नी आणि स्वतः नावाजलेल्या लोकसंख्याशास्त्रज्ञ. सातारा जिल्ह्यात पहिलीत आलेली मुलं पुढे का टिकत नाहीत, याचा अभ्यास केला. मुंबई राज्याचा कुळकायदा प्रत्यक्षात कसा चालला, याचा तपास केला. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या फेरीतलं काही काम गोखले संस्थेकडे होतं. ‘पुणे प्रश्नावल्या’ असंच त्यांना म्हणतात. त्यांचे अहवाल तयार करण्यात दांडेकरांचा हात होता.

हे सगळं वरवर विखुरलेलं दिसतं. शाळा, कूळ, पाळणा, ज्वारीचा खर्च. पण गरीब घर या सगळ्यांतून एकच असतं. तेच घर मुलाला शाळेतून काढतं, तेच कुळाची जमीन सोडतं. दारिद्र्य हा शब्द पुस्तकाच्या नावात येण्याआधी वीस वर्षं हा माणूस त्याच घरांच्या ओसरीवर बसून होता.

१९७१ : दिवसाला ४७ पैसे

आता मुख्य पुस्तकाकडे येऊ. ‘पॉव्हर्टी इन इंडिया’. लेखक दोन : दांडेकर आणि नीलकंठ रथ. रथ ओडिशाचे, पण आयुष्य पुण्यात गोखले संस्थेत गेलं. जानेवारी १९७१ मध्ये हे लेखन ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’च्या दोन अंकांत आलं, आणि पुस्तकरूपाने ते इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीने काढलं. त्याच वेळी देशात मध्यावधी निवडणूक लागली होती आणि ‘गरिबी हटाओ’ भिंतीभिंतींवर होतं. घोषणा आणि हिशेब एकाच महिन्यात लोकांसमोर आले.

त्याआधी काही नव्हतं असं नाही. १९६२ मध्ये एका कार्यगटाने माणशी महिना २० रुपये ही किमान पातळी सुचवली होती; पाच जणांच्या घराला १०० रुपये. त्या गटात गाडगीळही होते. आरोग्य आणि शिक्षणाचा खर्च त्यात धरला नव्हता, कारण ते शासन देईल असं गृहीत होतं. पण २० च का? त्याचं स्पष्ट उत्तर कागदावर नव्हतं.

दांडेकर-रथ यांनी उत्तराचा रस्ता दाखवला. तो साधा आहे, मी सांगतो. माणसाला दिवसाला सरासरी २२५० कॅलरी लागतात असं धरा. मग नमुना पाहणीत जा. तिथे घरं खर्चाच्या गटांत मांडलेली असतात : महिना माणशी इतक्या ते इतक्या रुपयांचा गट, त्याच्या वरचा, त्याच्या वरचा. प्रत्येक गटातली माणसं काय खातात ते पाहा आणि त्याच्या कॅलरी करा. जो गट २२५० ला पोचतो, त्याचा एकूण खर्च किती? तीच तुमची रेघ.

इथे एक बारकावा आहे. ही रेघ फक्त धान्याची किंमत नाही. त्या गटातला माणूस कापड, सरपण, रॉकेल, काडेपेटी यांवर जे काही खर्च करतो ते सगळं त्यात आलं. प्रत्यक्ष जगणारी माणसं पोटभर खातात तेव्हा त्यांचा एकूण खर्च किती असतो, असा तो प्रश्न आहे.

उत्तर आलं : १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी वर्षाला सुमारे १७० रुपये, शहरात २७१. दिवसाचा भाग काढा. खेड्यात ४७ पैसे, शहरात ७४ पैसे. आणि या रेघेखाली किती? खेड्यांतले सुमारे ४० टक्के, शहरांतले सुमारे ५० टक्के.

पुढचा भाग जास्त बोचणारा होता. १९६०-६१ ते १९६७-६८ या काळात विकास झाला तो कुणाकडे गेला? माणशी खर्चातली वाढ मुळातच वर्षाला अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि तीही वरच्या थरांनी घेतलेली. खेड्यातले तळातले २० टक्के होते तिथेच राहिले. शहरातले तळातले २० टक्के खाली गेले. नियोजनाची दोन दशकं झाल्यावर हे कागदावर येणं म्हणजे काय, ते आज आपल्याला चटकन कळणार नाही. तोवर दारिद्र्यावर भाषणं होत. आता त्याची टक्केवारी होती आणि टक्केवारीला उत्तर द्यावं लागतं.

मोजलं, पुढे काय?

पुष्कळ अभ्यास इथे थांबतात. दांडेकर-रथ थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, ही तूट भरायची कशी?

जमीन वाटून? त्यांनी हिशेब मांडला : कमाल धारणेचा कायदा लावला तरी निघणारी जमीन भूमिहीनांना आणि गुंठ्या-गुंठ्यांवर जगणाऱ्यांना पुरणारी नाही. हे मत डाव्या मित्रांना अजिबात आवडलं नाही. विकास होऊ द्या, झिरपत खाली येईल? ते तर सात वर्षांच्या आकड्यांनी नाकारलंच होतं. मग उरतं काम. ज्याच्याकडे विकायला फक्त अंगमेहनत आहे, त्याला ती विकता आली पाहिजे, आणि विकत घेणारा कुणी नसेल तर शासनाने घेतली पाहिजे. बांधबंदिस्ती, लहान पाटबंधारे, रस्ते, झाडं लावणं अशी कामं काढा आणि मागेल त्याला किमान मजुरीने काम द्या. पैसा कुठून? वरच्या दहा टक्के लोकांच्या खर्चाला कर लावून कात्री लावा. हे मत उजव्या मित्रांना आवडलं नाही.

महाराष्ट्रात हे निव्वळ पुस्तकात राहिलं नाही. रोजगार हमी दांडेकरांच्या पुस्तकातून निघाली असं मात्र नाही. तिचं श्रेय वि. स. पागे यांचं. तासगाव तालुक्यात १९६५ मध्येच त्यांनी प्रयोग केला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या बायकांची छायाचित्रं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. काहींच्या आयाच त्यांत असतील. लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि मागितलेलं काम देता येतं हे राज्याने स्वतःच स्वतःला सिद्ध करून दाखवलं. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापला जाणारा तो कर याच योजनेसाठी होता. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कुमुदिनीताईंनी पुढे या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा कामांवर बायका मोठ्या संख्येने येतात हे त्यांनी समोर आणलं. गावातच काम आणि हातात स्वतःची मजुरी, हा त्यांच्यासाठी वेगळाच अनुभव होता. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हा सगळा अनुभव होता.

रथ यांनी हा धागा सोडला नाही. १९८० च्या सुमारास एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर गेला. गरीब कुटुंबाला कर्ज आणि अनुदान देऊन म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन घेऊन द्यायचं. १९८५ मध्ये रथ यांनी सडेतोड लेख लिहिला : याने गरिबी हटेल का? आपण साध्या भाषेत विचारू या. एका गावात वीस घरांना वीस म्हशी दिल्या. वैरण कुठली? पाणी कुठलं? दूध कोण घेणार? म्हैस भाकड झाली की हप्ता कोण भरणार? ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही, त्याला आपण धंद्याची जोखीम देतोय. रथ यांचं म्हणणं, मोठ्या संख्येला आधी मजुरीचं खात्रीचं काम द्या. दांतवालांसारख्या ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञांनी त्यांना उत्तर दिलं. तो वाद अजून वाचण्यासारखा आहे.

साताऱ्याचे दोघे

आता दांडेकरांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. तो घेणारेही सातारा जिल्ह्यातलेच, बुध गावचे : डॉ. पां. वा. सुखात्मे. जागतिक अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर पुण्यात आले.

सुखात्मे म्हणाले, २२५० ही सरासरी आहे. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? दोन निरोगी माणसांची गरज वेगळी असते, आणि एकाच माणसाची गरजही दर आठवड्याला बदलते. शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. म्हणून रेघ सरासरीवर न मारता, बदलाच्या खालच्या मर्यादेवर मारा. तसं केलं की कुपोषितांची टक्केवारी बरीच खाली येते.

दांडेकरांनी १९८१-८२ मध्ये उत्तर दिलं. त्याचा गाभा माझ्या शब्दांत असा : व्यक्ती-व्यक्तीत फरक असतो हे मान्य. पण आपण एकट्या माणसाची तपासणी करत नाही आहोत. आपण हजारो घरांचा एक गट पाहतोय. त्या अख्ख्या गटाची सरासरी गरजेच्या सरासरीपेक्षा खाली असेल, तर सगळ्यांची गरज योगायोगाने कमी आहे असं कसं म्हणायचं? आणि गरीब माणूस कमी खाऊन जगतो म्हणजे त्याला तेवढंच पुरतं, असं म्हणायचं का?

मी विद्यार्थ्यांना सांगतो, या वादात कोण जिंकलं हे विचारू नका. पणाला काय लागलं होतं ते बघा. रेघ थोडी खाली ओढली की कोट्यवधी माणसं कागदावरून गरिबीबाहेर जातात, आणि त्यांच्या ताटात एक घासही वाढलेला नसतो. तरी सुखात्म्यांचाही मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. स्वच्छ पाणी नसेल, पोटात जंत असतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही हे ते सांगत राहिले, आणि ते खरंच आहे. कॅलरीच्या रेघेत पाणी दिसत नाही.

एकच पद्धत, तीन ठिकाणी

दांडेकरांच्या उत्तरायुष्यातली दोन कामं लोक वेगळी समजतात. मला ती एकच वाटतात.

पहिलं, पीकविमा. १९७० च्या दशकात प्रश्न असा होता, की प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान मोजायचं कसं? कोण बांधावर जाणार, आणि विमा आहे म्हणून निंदणीच न करणाऱ्याला कसं ओळखणार? दांडेकर म्हणाले, एकेकट्याचं मोजूच नका. सारखं हवामान, सारखी जमीन असलेला परिसर घ्या. तिथे नमुन्याने पीककापणी प्रयोग करा. परिसराचं सरासरी उत्पन्न ठरलेल्या रेघेखाली गेलं, तर तिथल्या सर्व विमाधारकांना भरपाई द्या. याच धर्तीवर १९७९ मध्ये प्रायोगिक योजना आली आणि १९८५ मध्ये देशव्यापी. गंमत पाहा : पीककापणी प्रयोगांचं तंत्र आपल्या देशात ज्यांनी रुजवलं, त्यांत सुखात्मे अग्रणी होते. भांडण कॅलरीचं, पण विम्याचा पाया प्रतिपक्षाच्या पद्धतीवर.

दुसरं, अनुशेष. महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल शोधण्यासाठी १९८३ मध्ये समिती नेमली गेली, दांडेकर अध्यक्ष. रस्ते, सिंचन, शाळा, वीज, दवाखाने असं एकेक क्षेत्र घेतलं. राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीखाली, त्याची तूट म्हणजे अनुशेष. मग ती भरायला किती रुपये लागतील ते लिहिलं : एकूण सुमारे ३,१८६ कोटी. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, तिघांचे वेगळे आकडे. ‘आमच्यावर अन्याय झाला’ ही तक्रार त्या दिवसापासून रुपयांत मांडता येऊ लागली.

तर पद्धत अशी : रेघ ओढा, तिच्याखालची तूट मोजा, ती भरायचा खर्च लिहा. दारिद्र्य, पीक आणि प्रदेश, तिन्ही ठिकाणी हेच.

आणि तिन्ही ठिकाणी दोष एकाच जागी आहे. सरासरीच्या पोटात माणूस लपतो. परिसराचं पीक बरं आलं, पण माझ्या शेतात ओढा घुसला, तर मला भरपाई नाही. जिल्हा सरासरीच्या वर, पण त्यातला दुष्काळी तालुका कोरडा, तर त्याचा अनुशेष दिसत नाही. घराचं माणशी धान्य रेघेवर, पण सगळ्यांचं झाल्यावर बसणारी मावशी रेघेखाली. जातीचंही तसंच. पैसा तोच, पण वस्तीवर पाणी कुणाच्या विहिरीवरून येतं, हे खर्चाच्या रकान्यात लिहिलेलं नसतं.

पुढे रेघा बदलत गेल्या. १९७९ च्या कृतिगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीचा आधार सोडला आणि शिक्षण-आरोग्यावरचा खर्चही हिशेबात घेतला. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहराला दिवसाचे ३२ आणि खेड्याला २६ रुपये सांगितले, तेव्हा देशभर संताप झाला. संताप योग्यच होता, पण बहुतेकांना तो नेमका कशावर करायचा हे ठाऊक नव्हतं. प्रश्न ३२ चा आकडा लहान आहे एवढाच नव्हता. त्या रेघेवरून कुणाला रेशन द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरणार का, हा खरा प्रश्न होता. मोजण्यासाठी काढलेली रेघ वगळण्यासाठी वापरली, की ती भिंत होते.

प्रश्नोत्तरांतून

एका ताईंनी विचारलं : मग रेघ काढूच नये का?

काढावी. रेघ नसेल तर सरकार म्हणेल गरिबी कमी झाली, विरोधक म्हणतील वाढली, आणि दोघांनाही पुरावा द्यावा लागणार नाही. फक्त रेघ काढणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. रेघ कशी काढली ते सगळ्यांना तपासता येईल असं सांगावं, आणि तूट भरायला काय लागेल तेही त्याच कागदावर लिहावं. दांडेकर-रथ यांनी दोन्ही केलं, म्हणून सुखात्म्यांना त्यांच्याशी भांडता आलं.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न : आम्ही संशोधनाला सुरुवात करतोय. कुठून करू?

प्रश्नावली भरण्यापासून. संगणकावर तयार आकडे मिळतात, ते वापराच. पण आयुष्यात एकदा तरी तीस-चाळीस घरं स्वतः करा. उत्तर देणारा कुठे अडखळतो, कुठे लाजतो, कोणता आकडा बोटांवर मोजतो ते बघा. दांडेकर १९९५ मध्ये गेले. त्यांचे निष्कर्ष जुने होतील, काही झालेही आहेत. मी त्या मावशींच्या घरी माणशी सरासरी लिहिली होती, तिच्या खाली शेरा लिहायला जागा होती. मी ती कोरी सोडली. तुम्ही सोडू नका, एवढंच सांगतो आणि थांबतो.